कुस्ती निकाली व्हावी म्हणून पंचाने किती हात घालावा? (अबू धाबी २०२१ विषयी पुन्हा एकदा)

उद्यमनगरी

गेल्या रविवारी, ७ डिसेंबर २०२५ रोजी, फॉर्म्युला वनच्या हंगामातील शेवटची शर्यत पाहण्यासाठी आम्ही पाच मित्र माझ्या वर्कशॉपच्या माळ्यावर जमलो होतो. व्हर्स्टॅपन पहिला, पियास्ट्री दुसरा आणि नॉरिस तिसरा आला, आणि तेवढ्यावर नॉरिसने ४२३ विरुद्ध ४२१ अशा दोन गुणांच्या फरकाने विजेतेपद मिळवले. शर्यत संपल्यावर तिच्याविषयी आम्ही पाच मिनिटेही बोललो नाही. तांबड्या रश्श्याला उकळी येईपर्यंत विषय दरवर्षीप्रमाणे १२ डिसेंबर २०२१ वर येऊन थांबला.

त्या दिवशी आम्ही सहा जण होतो. सहावा मित्र हॅमिल्टनचा निस्सीम चाहता. शेवटच्या फेरीत पाचव्या वळणावर व्हर्स्टॅपन पुढे निघून गेला, तसा हा शांतपणे उठला, चप्पल घातली आणि घरून आणलेली पांढऱ्या रश्श्याची किटली तशीच ठेवून जिना उतरला. तेव्हापासून तो एकाही शेवटच्या शर्यतीला आलेला नाही.

ज्यांनी ती शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मर्सिडीजचा हॅमिल्टन आणि रेड बुलचा व्हर्स्टॅपन, दोघेही प्रत्येकी ३६९.५ गुणांवर उभे होते. एकूण ५८ फेऱ्यांपैकी बहुतेक सगळ्या हॅमिल्टनने आघाडीवर राहून काढल्या. ५३ व्या फेरीत लॅटिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांनी तिच्या मागे रांगेत हळू चालायचे आणि कोणी कोणाला ओलांडायचे नाही. व्हर्स्टॅपनने पिटमध्ये जाऊन नवे सॉफ्ट टायर घातले, हॅमिल्टन जुन्या हार्ड टायरवर बाहेरच राहिला. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. त्यांना पुढे जाऊ देणार नाही, असे शर्यतीच्या संचालकाने आधी जाहीर केले; मग फक्त त्या पाचच गाड्यांना पुढे सोडण्यात आले, आणि शेवटची एकच फेरी खुली झाली.

माझे मत असे की, वर्षभर चाललेली लढत सेफ्टी कारच्या मागे वरातीसारखी संपणे हा प्रेक्षकांचाही अपमान ठरला असता आणि खेळाडूंचाही. संचालकाची पद्धत चुकली असेल, हेतू चुकला नव्हता. आपणांस काय वाटते?

कळंबा रोड

किटलीचे पुढे काय झाले, हे आधी सांगा. शर्यतीचे नंतर बघू.

खासबागचा पंच

उद्यमनगरी, आपण शीर्षकात कुस्तीचा शब्द वापरलात म्हणून लिहितो. एरवी मोटारींमधले मला फारसे कळत नाही, नातवामुळे पाहतो.

आपल्याकडे लोक मैदानात येतात ते चीतपट कुस्ती पाहायला. दोन पैलवानांची खडाखडी अर्धा तास चालली की चारी बाजूंनी हुल्लड सुरू होते आणि ‘निकाली करा’ हा एकच घोष ऐकू येतो. तरुणपणी गावोगावच्या जत्रांतील मैदानांवर मी पंच म्हणून उभा राहिलो आहे, आणि तो आवाज कानांत शिरला की पंचाचे पाय कसे हलतात हे मला ठाऊक आहे. अशा वेळी पंच पैलवानांना ताकीद देतो, त्यांना मध्यभागी आणून पुन्हा जोड लावतो, फार तर वेळ ठरवून कुस्ती गुणांवर लावतो. पण जे करायचे ते दोघांना समोर उभे करून, आधी सांगून करतो. वर बसलेल्या पैलवानाचा हात काढून खालच्याला ‘आता उलट’ असे तो म्हणत नाही.

आपण वर्णन केलेल्या प्रसंगात पंचाने नेमके हेच केले आहे. हेतू चांगला होता हे मी मान्य करतो. हुल्लडीला घाबरलेल्या प्रत्येक पंचाचा हेतू चांगलाच असतो.

सातवी गल्ली, राजारामपुरी

पंचकाकांविषयी आदर ठेवून सांगतो की हा दाखला अपुरा आहे. खाली सापडलेला पैलवान स्वतःच्या चुकीने खाली सापडतो, पण व्हर्स्टॅपन त्या दिवशी मागे का होता? पहिल्याच फेरीत त्याने सहाव्या वळणावर आतून गाडी घातली, हॅमिल्टन रस्त्याबाहेरून वळण कापून पुढे आला आणि त्याला जागा परत द्यायला कोणी सांगितले नाही. तेव्हा पंच झोपले होते काय? शिवाय व्हर्स्टॅपनच्याच संघातल्या पेरेझने विसाव्या-एकविसाव्या फेरीत झिजलेल्या टायरवर हॅमिल्टनला ज्या तऱ्हेने अडवून धरले आणि व्हर्स्टॅपनला कित्येक सेकंद जवळ आणून दिले, ते पाहून आमच्या घरात आईसुद्धा टाळ्या वाजवत होती. विजेतेपद एका फेरीत मिळाले असे म्हणणाऱ्यांनी त्या वर्षीच्या विजयांची संख्याही पाहावी: शेवटच्या शर्यतीआधीच व्हर्स्टॅपनचे नऊ आणि हॅमिल्टनचे आठ होते.

टायरवाले काका

माझा धंदाच रबराचा असल्यामुळे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुष्कळ लोक त्या शेवटच्या फेरीला ‘लढत’ म्हणतात. हॅमिल्टनने आपले हार्ड टायर चौदाव्या फेरीत घातले होते, म्हणजे अठ्ठावन्नाव्या फेरीत ते चव्वेचाळीस फेऱ्या जुने झाले होते. (त्याच्या गाडीचा क्रमांकही चव्वेचाळीसच. नियतीलाही विनोदाचे अंग असते.)

हार्ड रबर टिकते जास्त, पण तापायला वेळ घेते आणि थंड पडल्यावर रस्ता धरत नाही. सेफ्टी कारच्या मागे वेग उतरला की टायर थंड होतो, आतील हवेचा दाबही उतरतो. म्हणून तर चालक त्या वेळी गाडी नागमोडी हाकताना दिसतात. सॉफ्ट रबर लगेच तापते आणि लगेच धरते. त्याचा दोष एवढाच की ते लवकर संपते, आणि इथे त्याला एकच फेरी काढायची होती. गळीत हंगामात रिमोल्ड टायर चढवलेली उसाची ट्रॉली आणि नवी कोरी मोटारसायकल यांची कळंब्यापासून रंकाळ्यापर्यंत शर्यत लावली, तर तिला लढत म्हणाल का? मी म्हणणार नाही.

मृदुला, इचलकरंजी

काका, मग हॅमिल्टनने टायर बदलले का नाहीत, हा प्रश्न उरतोच.

टायरवाले काका

ताई, बदलता आलेच नसते. तो पुढे होता. तो आत गेला असता तर व्हर्स्टॅपन बाहेर राहिला असता आणि आयती आघाडी त्याच्या हाती गेली असती. नियमाप्रमाणे शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली असती, तर विजेतेपदही गेले असते. पुढच्याने काहीही केले तरी मागचा त्याच्या उलट करणार, अशी ती कोंडी होती. व्हर्स्टॅपनला मात्र गमावण्यासारखे काहीच नव्हते.

सनदी वकील

मूळ वाद नियमाच्या भाषेचा आहे, आणि तो आमच्या धंद्यातील कोणालाही ओळखीचा वाटेल.

क्रीडा नियमांच्या कलम ४८.१२ मध्ये मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाऊ देण्याची तरतूद होती आणि तिथे इंग्रजीत ‘एनी’ हा शब्द होता. रेड बुलचे म्हणणे असे की ‘एनी’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे, म्हणून आठांपैकी पाचच गाड्या सोडणे चालते. त्याच कलमात पुढे असेही होते की, शेवटची मागे पडलेली गाडी पुढे निघून गेल्यावर सेफ्टी कार ‘त्यानंतरच्या फेरीच्या’ शेवटी आत येईल. ते अक्षरशः पाळले असते, तर शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली असती. मर्सिडीजने त्याच संध्याकाळी दोन तक्रारी केल्या आणि त्या दोन्ही फेटाळल्या गेल्या. गाड्या सोडण्याविषयीची तक्रार फेटाळताना पंचांनी आधार घेतला कलम १५.३ चा, ज्यात सेफ्टी कारच्या वापराविषयी संचालकाचा अधिकार इतरांच्या वरचढ मानला आहे.

माझा आक्षेप इथे आहे. सेफ्टी कार केव्हा आणायची हे ठरवण्याचा अधिकार, आणि ती आल्यावर काय करायचे याविषयी स्वतःच लिहिलेली रीत मोडण्याचा अधिकार, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्वसाधारण अधिकाराचे कलम दाखवून विशिष्ट कार्यपद्धतीचे कलम गुंडाळून ठेवता येऊ लागले, तर विशिष्ट कलमे लिहायचीच कशाला? जागतिक संघटनेचा चौकशी अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. त्यात मानवी चूक झाल्याचे मान्य केले, संचालकाने सद्भावनेने काम केल्याचेही नमूद केले, आणि निकाल मात्र कायम ठेवला. पुढे नियमात ‘एनी’च्या जागी ‘ऑल’ आले. एका शब्दाची दुरुस्ती झाली, पण ती होण्यास एक विजेतेपद खर्ची पडले.

नवखा

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे, हसू नये. मागे पडलेल्या गाड्या मध्येच राहिल्या असत्या तर काय बिघडले असते? व्हर्स्टॅपनने त्यांना मागे टाकले असते.

सातवी गल्ली, राजारामपुरी

निळे झेंडे दाखवले की त्या गाड्या बाजूला होतात, पण एका फेरीत पाच गाड्या ओलांडून हॅमिल्टनपर्यंत पोहोचणे अशक्य होते. नव्या टायरचा सगळा फायदा तिथेच विरघळला असता.

शाहू स्टेडियमची पूर्व बाजू

नवखे यांचा प्रश्न प्राथमिक नाही; त्याच्या पोटात एक तिसरा माणूस दडलेला आहे. शर्यतीत तिसऱ्या क्रमांकावर फेरारीचा साइन्झ होता. व्हर्स्टॅपनच्या पुढच्या पाच गाड्या बाजूला झाल्या, पण व्हर्स्टॅपन आणि साइन्झ यांच्यामधील मागे पडलेल्या गाड्या तिथेच ठेवल्या गेल्या. म्हणजे पुढच्यावर हल्ला करण्यासाठी रस्ता मोकळा आणि मागून येणाऱ्यापासून संरक्षण, असा दुहेरी लाभ एकाच चालकाला मिळाला. साइन्झच्या बाजूने ओरडायला कोणी नव्हते, म्हणून तो कोणालाच आठवत नाही.

दुसरे असे की, त्या वर्षी संघांचे प्रमुख थेट संचालकाशी बोलत होते आणि ते संभाषण आपल्याला टीव्हीवर ऐकूही येत होते. आपल्या पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या फुटबॉल सामन्यात पंचाच्या कानाला दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांचे फोन जोडले, तर नव्वद मिनिटांनंतर त्या पंचाची काय अवस्था होईल याची कल्पना करा. पुढच्या हंगामापासून ती सोय बंद झाली, हे त्या सगळ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते असे मला वाटते.

कळंबा रोड

नव्वद मिनिटे? आमच्या पेठेचा पंच विसाव्या मिनिटालाच घरी गेला असता.

मृदुला, इचलकरंजी

मला मात्र या सगळ्यांत २००८ च्या ब्राझीलचाच शेवट श्रेष्ठ वाटतो, आणि त्यात कोणत्याही पंचाचा हात नव्हता.

तेव्हा मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. शर्यत आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू झाली आणि संपेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. बाबा दारात उभे राहून ‘परीक्षा कोणाची आहे?’ असे दोनदा विचारून गेले होते. विजेतेपदासाठी मासाला शर्यत जिंकायची होती आणि हॅमिल्टनला पाचवा क्रमांक पुरेसा होता. शेवटच्या काही फेऱ्यांत पाऊस आला, व्हेटेल हॅमिल्टनला ओलांडून पुढे गेला आणि हॅमिल्टन सहावा झाला. मासाने रेषा ओलांडली. फेरारीच्या गॅरेजमध्ये त्याचे वडील आनंदाने उड्या मारू लागले. आणि त्याच वेळी, कोरड्या टायरवर ओल्या रस्त्यात कशीबशी गाडी सांभाळणारा ग्लॉक शेवटच्या फेरीच्या अगदी अखेरच्या वळणांत मागे पडला. हॅमिल्टन पाचवा झाला, ९८ विरुद्ध ९७. मी पाठिराखी मासाची. तो घरच्या प्रेक्षकांसमोर छातीवर हात मारून उभा राहिला तेव्हा मी रडले, पण कोणी फसवले असे एक क्षणही वाटले नाही. पावसावर रागावता येत नाही.

सनदी वकील

मृदुलाताई, त्या हंगामावरही डाग आहेच. त्याच वर्षी सिंगापूरला पिकेने संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम गाडी आदळली होती, आणि त्याच गोंधळात मासाची शर्यत बिघडली. मासाने त्या प्रकरणी लंडनच्या न्यायालयात दावा लावला आहे.

मृदुला, इचलकरंजी

माहीत आहे, वकीलसाहेब. ती जखम सिंगापूरची, ब्राझीलची नव्हे. मी शेवटच्या शर्यतीबद्दल बोलते आहे.

जुना शिरोलीकर

अर्ध्या गुणांचा कोणी विचार केला आहे का? २०२१ मध्ये दोघांच्या खात्यात जे ‘पॉइंट पाच’ दिसत होते, ते बेल्जियममधील शर्यतीमुळे. तिथे पावसात सेफ्टी कारच्या मागे जेमतेम काही फेऱ्या मारून अर्धे गुण वाटले गेले होते. म्हणजे ज्या हंगामात सेफ्टी कारच्या मागे संपलेली शर्यत आधीच एकदा पचवली होती, त्याच हंगामाच्या शेवटी ‘सेफ्टी कारच्या मागे शर्यत संपणे अपमानास्पद’ असा साक्षात्कार झाला.

अर्ध्या गुणांची याहून मोठी गंमत १९८४ ची आहे. मोनॅकोत मुसळधार पाऊस होता, प्रोस्ट पहिला होता, आणि मागून सेना नावाचा नवा मुलगा झपाट्याने जवळ येत होता. शर्यत थांबवा, अशा खुणा प्रोस्ट गाडीतून करत होता. शर्यत थांबली, प्रोस्ट जिंकला, पण अर्धे गुण म्हणजे साडेचारच मिळाले. हंगामाच्या शेवटी लाउडाने त्याला हरवले ते अर्ध्या गुणाने, ७२ विरुद्ध ७१.५. शर्यत पूर्ण झाली असती आणि प्रोस्ट दुसरा आला असता, तरी सहा गुण मिळून तोच विजेता ठरला असता. स्वतः मागून घेतलेला निकाल असा अंगावर येतो.

सातवी गल्ली, राजारामपुरी

वा! हे मला नवे आहे. मोजून पाहिले, बरोबर आहे.

कार्टिंगचा नाद

टायरवाल्या काकांच्या मुद्द्याला एक अनुभव जोडतो. आपल्या कोल्हापुराजवळ मोहित्यांचा ट्रॅक आहे आणि ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेलेला कृष्णराज महाडिक आपल्याच गावचा आहे, तरी या खेळाला ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, असो. मी त्या ट्रॅकवर पहिल्यांदा कार्ट चालवली तेव्हा पहिल्याच फेरीत, थंड टायरवर, दुसऱ्या वळणावर सरळ गवतात गेलो. तिसऱ्या फेरीत त्याच वेगाने तेच वळण सहज निघाले. त्यामुळे हॅमिल्टनने शेवटच्या फेरीत त्या टायरवर दोन वेळा पुन्हा पुढे जाण्याचा जो प्रयत्न केला, तो पाहताना माझ्या तळहातांना घाम फुटला होता. हरलेल्याने चालवलेली ती फेरी मला जिंकलेल्याच्या फेरीपेक्षा मोठी वाटते.

गाडीवान

एक योगायोग कोणी नोंदवलेला दिसत नाही. मर्सिडीजने अपील करणार नसल्याचे जाहीर केले तो दिवस १६ डिसेंबर २०२१. त्याच दिवशी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींना अटी घालून परवानगी दिली. आमच्या गावात त्या संध्याकाळी गुलाल उधळला जात होता, आणि माझा शहरात शिकणारा पुतण्या एका कोपऱ्यात मोबाइल धरून हॅमिल्टनसाठी तोंड पाडून बसला होता. मी त्याला म्हणालो, ‘बाळा, आमची शर्यत सात वर्षांनी परत आली, तुझी तर पुढच्या मार्चमध्ये येणारच आहे.’

बैलगाडीत सेफ्टी कार नसते. गाडी उलटली तर लोक धावतात, बैल सोडवतात आणि शर्यत पुन्हा लावतात. तसेच तिथे का केले नाही?

जुना शिरोलीकर

गाडीवानदादांनी सहज विचारले, पण उत्तर तेच आहे. लॅटिफीच्या अपघातानंतर लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवता आली असती. थांबलेल्या वेळात दोघांनाही नवे टायर घालता आले असते आणि उरलेल्या फेऱ्यांसाठी पुन्हा उभे राहून सुरुवात झाली असती. प्रेक्षकांना निकाली शेवट मिळाला असता आणि तक्रारीला जागाही उरली नसती.

टायरवाले काका

रबर सारखे असते, तर मी स्वतः त्या फेरीला लढत म्हटले असते.

सातवी गल्ली, राजारामपुरी

आणि मग पंधरा सेकंदांच्या आसपास पुढे असलेल्या माणसाची कष्टाची आघाडी लाल झेंड्याने का पुसली, म्हणून हेच लोक पुन्हा ओरडले असते.

टायरवाले काका

आघाडी तर सेफ्टी कारनेही पुसलीच. आणि ती अकरा-बारा सेकंदांची होती, पंधरा नव्हे.

खासबागचा पंच

गाडीवान आणि शिरोलीकर यांनी माझे काम सोपे केले. दोघांना समोर उभे करून पुन्हा जोड लावायची, एवढेच मी म्हणत होतो.

नातवाने मला त्या संचालकाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली. २०१९ च्या हंगामाच्या तोंडावर मेलबर्नमध्ये चार्ली व्हायटिंग हे जुने संचालक अचानक वारले आणि ती जबाबदारी मायकेल मासी यांच्यावर येऊन पडली. शक्यतो शर्यत खुल्या रस्त्यावर संपावी, असे सगळ्या संघांचे फार पूर्वीपासून ठरले होते, अशी त्यांची बाजू होती. म्हणजे ‘निकाली करा’ ही मागणी फक्त प्रेक्षकांची नव्हती. ज्यांनी नंतर तक्रार केली त्यांचीही होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर केले गेले. उद्यमनगरी, त्यांचा निर्णय चुकीचा होता या मतावर मी ठाम आहे. पण हुल्लड सगळ्यांनी करायची आणि मैदान सोडून जायचे ते एकट्या पंचाने, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे, त्यामुळे त्या माणसाविषयी माझ्या मनात राग नाही.

उद्यमनगरी

सर्वांचे आभार. पंचकाका, माझे मत अर्धे बदलले आहे. शेवट खुल्या रस्त्यावर व्हावा हे मी अजूनही म्हणतो, पण लाल झेंडा हाताशी असताना पाच गाड्या निवडून सोडण्याचे समर्थन मला आता करता येत नाही. उरलेले अर्धे मत सातव्या गल्लीसाठी राखून ठेवतो, कारण पुढच्या वर्षीही वाद घालायचा आहे.

चव्वेचाळीस

हा धागा मला बायकोने दाखवला. मी तोच सहावा.

वर एका गृहस्थांनी ‘लढत’ हा शब्द वापरायला नकार दिला, त्याबद्दल त्यांचा मी ऋणी आहे. चार वर्षे मला हेच सांगायचे होते आणि टायरचे गणित नीट मांडता येत नव्हते. मी रागावून गेलो असे उद्यमनगरी समजतो. तसे नव्हते. शर्यत संपल्यावर हॅमिल्टनचे वडील व्हर्स्टॅपन पितापुत्रांचे अभिनंदन करायला गेले, हे दुसऱ्या दिवशी वाचले तेव्हा आपणही जिन्यात थांबायला हवे होते असे वाटले. पण तोपर्यंत उशीर झाला होता आणि नंतर दरवर्षी थोडा थोडा होत गेला.

कळंबा रोड यांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही दिलेले नाही. ती किटली आईची आहे, पितळेची, आणि ती अजून परत आलेली नाही.

उद्यमनगरी

माळ्यावरच आहे. दर दिवाळीला चिंचेने घासून ठेवतो. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाची शर्यत सकाळीच असते; रिकामी न्यायला ये, आणि येताना भरून आणायची दुसरी घेऊन ये.